परदेशी लॉनचं गवत, त्याच्या पोटातली बुरशी आणि गाभण घोडी

प्रश्न थोडक्यात असा: पाचगणीजवळच्या एका रिसॉर्टने परदेशी बियाण्याचं लॉन केलं आहे. कापलेलं गवत ते फुकट देतात. प्रश्नकर्त्याकडे पर्यटकांना फिरवायच्या घोड्या आहेत, त्यातली एक गाभण आहे. शिवाय दोन जर्सी संकरित गाई. लॉनच्या माळ्याने सांगितलं की बियाण्याच्या पाकिटावर ‘एंडोफाइट’ असं छापलं होतं, म्हणजे गवताच्या आत बुरशी असते आणि म्हणून त्याला कीड लागत नाही. हे गवत जनावरांना चालेल का? आणि कऱ्हाडकडे ऊस करणाऱ्या भावाला दुकानदार ‘एंडोफाइट’ची बाटली देतो आहे, ती घ्यावी का?

आधी घोडीचं. पाकिटावर टॉल फेस्क्यू किंवा पेरेनियल रायग्रास (दोन्ही थंड प्रदेशातली गवतं) यांपैकी काही लिहिलेलं असेल आणि सोबत एंडोफाइटची जाहिरात असेल, तर गाभण घोडीला ते गवत आजपासून बंद करा. इतर घोड्यांना आणि गाईंना लगेच काही होणार नाही, पण त्यांनाही रोजची वैरण म्हणून देऊ नका. भावाचा प्रश्न वेगळा आहे. ही बुरशी उसात शिरत नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

मात्र घाबरून जाण्याआधी ते पाकीट मागून घ्या. आपल्याकडची बहुतेक लॉनं सिलेक्शन नंबर वन (म्हणजे आपल्या हरळीचीच निवडलेली जात), मेक्सिकन लॉन नाहीतर पास्पालमची असतात. ही सगळी उष्ण हवेतली गवतं, आणि ज्या बुरशीबद्दल आपण बोलतोय ती यांत राहत नाही. ती राहते थंड प्रदेशातल्या, गहू-जवाच्या गोतातल्या गवतांत. पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीकडे बघून कुणी फेस्क्यू-रायग्रास पेरून पाहतं, तेवढ्यापुरताच हा विषय आपल्या जिल्ह्यात येतो.

या बुरशीचं नाव एपिक्लोई. टॉल फेस्क्यूमध्ये तिची एक जात, रायग्रासमध्ये दुसरी. गवत बाहेरून बघून ती आहे की नाही हे कुणालाही सांगता येत नाही. ना डाग, ना पांढरी पावडर, ना पिवळेपणा. बघायची असेल तर फुटवा बुडाशी कापायचा, बाहेरचं वाळलेलं पान टाकून द्यायचं आणि त्याच्या आतल्या हिरव्या पानाचा देठाकडचा जो भाग खोडाला वेढून असतो, त्याच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलायचा. काचपट्टीवर ॲनिलीन ब्लू या रंगाचा थेंब टाकून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पेशींच्या लांबट ओळी दिसतात, आणि त्या ओळींच्या मधून, पानाच्या लांबीच्या दिशेने, नागमोडी जाणारे निळे बारीक धागे दिसतात. फांद्या जवळजवळ नाहीत. आणि नीट पाहिलं तर एकही धागा पेशीच्या आत घुसलेला नसतो. तांबेरा किंवा करपा पाहायची सवय असलेल्याला हे चित्र विचित्र वाटतं, कारण रोगकारक बुरशी पेशी फोडून आत जाते. ही पेशींच्या मधल्या फटीत राहते आणि तिथे झिरपणाऱ्या साखरेवर जगते.

तिच्या वाढीची तऱ्हा आणखी मजेदार आहे. बुरशीचा धागा एरवी टोकाकडून वाढतो. गवताचं पान मात्र बुडाकडून वाढतं. म्हणून तर लॉन कितीही वेळा कापलं तरी पुन्हा येतं. आता पेशींना चिकटलेला धागा नुसता टोकाकडून वाढला असता, तर पान लांबताना तो तुटला असता. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं की हा धागा पानाबरोबर मधूनच, संपूर्ण लांबीभर ताणत वाढतो, आणि पानाची वाढ थांबली की त्याचीही थांबते. पुढे गवत निसवायला लागलं की बुरशी फुलोऱ्यात जाते, तिथून बीजांडात, तिथून बियाण्यात. म्हणजे ती आईकडून लेकराकडे जाते. परागातून जात नाही, वाऱ्याने उडत नाही, शेजारच्या बांधावर पसरत नाही. त्यामुळे रिसॉर्टच्या लॉनमधून ती डोंगरावरच्या कुसळीत किंवा मारवेलमध्ये जाईल ही भीती मनातून काढून टाका.

गवताला यातून काय मिळतं? बुरशी अल्कलॉइड प्रकारची रसायनं तयार करते. पेरामिन आणि लोलिन ही किड्यांविरुद्धची. किडा पान चावतो आणि सोडून देतो, किंवा मरतो. शिवाय अनेक ठिकाणी दिसून आलंय की बुरशी असलेलं फेस्क्यू पाण्याचा ताण जास्त सोसतं आणि चराईनंतर लवकर सावरतं. म्हणूनच लॉनचं बियाणं विकणारे ही बुरशी मुद्दाम ठेवतात आणि पाकिटावर मिरवतात. लॉनच्या दृष्टीने त्यात खोटं काही नाही. न्यूझीलंडमध्ये तर विमानतळाभोवती पेरायला म्हणून अशा बुरशीचं खास गवत काढलंय. पक्ष्यांना ते खाऊन मळमळतं आणि ते धावपट्टीकडे फिरकत नाहीत. पण त्याच बुरशीच्या काही वाणांत एर्गोव्हॅलिन आणि लोलिट्रेम बी ही दोन रसायनंही तयार होतात, आणि ती किड्यांपुरती थांबत नाहीत. ज्याला खुरं आहेत त्यालाही ती बाधतात.

हे कळायला जगाला बरीच वर्षं लागली. १९३१ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, मेनिफी परगण्यातल्या एका डोंगरउतारावरच्या शेतात विद्यापीठाचे प्राध्यापक फर्गस यांना एक दणकट फेस्क्यू दिसलं. दुष्काळातही हिरवं, उतारावरची माती धरून ठेवणारं. १९४३ साली ते ‘केंटकी ३१’ नावाने शेतकऱ्यांना दिलं गेलं आणि बघता बघता फेस्क्यूखालचं क्षेत्र सुमारे १ कोटी ४० लाख हेक्टरांवर गेलं. मग तक्रारी सुरू झाल्या. भरपूर हिरवं गवत पोटात जातंय आणि गाय वाळतेय. उन्हाळ्यात दिवसभर डबक्यात उभी राहतेय, हिवाळ्यातली केसाळ कातडी झडत नाही, दूध आटलंय. थंडीत मागच्या पायांची खुरं, शेपटीचं टोक, कानांच्या कडा काळ्या पडून सुकतात. गवताच्या पोषणात खोट सापडेना. १९७७ साली जॉर्जियात चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी जनावरं आजारी पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या कुरणांतलं गवत तपासलं, तेव्हा आजारी कुरणांतल्या गवताच्या आत ही बुरशी सापडली. दणकटपणा आणि विषारीपणा, दोन्हींचा धनी एकच निघाला.

एर्गोव्हॅलिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं. कातडीकडे रक्त कमी जातं, म्हणून उन्हात अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि गारठ्यात खुरा-शेपटीपर्यंत ऊब पोचत नाही. लक्षणं उलटसुलट दिसली तरी कारण एकच. आपल्या जर्सी-होल्स्टिन संकरित गाया एरवीच उन्हाळ्यात धापा टाकतात. त्यात हे गवत पडलं तर दूध आधी उतरणार.

घोडीच्या बाबतीत मार वेगळीकडे बसतो. हेच रसायन मेंदूतून सुटणारं प्रोलॅक्टिन दाबून टाकतं. प्रोलॅक्टिन नाही तर कास भरत नाही, पान्हा सुटत नाही. घोडीचा गाभणकाळ साधारण ११ महिन्यांचा. फेस्क्यू खाणारी घोडी त्याच्या पुढे कित्येक दिवस, कधी आठवडेही ओढते. शिंगरू आत मोठं होत राहतं, वार जाड होते, विताना अडतं. सगळं पार पडून शिंगरू जिवंत आलं तरी आईच्या कासेत चीक नसतो. वासराप्रमाणेच शिंगरूही जन्मतः रोगप्रतिकारक द्रव्यांशिवाय येतं. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर ते टिकणं कठीण. आणि हे सगळं अशा घोडीत होतं जी बाहेरून धडधाकट, तुकतुकीत दिसत असते. म्हणून लक्षणं दिसण्याची वाट बघायची नसते.

जिथे फेस्क्यूची कुरणं आहेत तिथले पशुवैद्य गाभण घोडी विण्याच्या किमान ३० दिवस आधी, आणि जमल्यास ६० ते ९० दिवस आधी, त्या कुरणातून बाहेर काढायला सांगतात. तुमच्याकडे तर बांधून घालायची वैरण आहे, कुरण नाही. तेव्हा दिवस मोजत बसण्यापेक्षा पूर्ण बंद करणं सोपं. कुणी म्हणेल पूर्वी खाल्लेल्याचं काय? खाणं थांबलं की परिणाम हळूहळू ओसरतो. तरीही पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना ‘फेस्क्यू’ हा शब्द सांगून ठेवा. आपल्याकडे हा आजार रोजच्या पाहण्यातला नाही, त्यामुळे कास भरत नसेल तर ते आधी दुसरी कारणं शोधतील. यावर डोम्पेरिडोन हे औषध चालतं, पण कधी आणि किती हे त्यांनीच ठरवायचं. एक गोष्ट मात्र तुम्हालाच माहीत हवी. विताना आधी पांढुरकी पिशवी दिसण्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर येऊ लागली, तर वार आतून सुटली आहे आणि शिंगराचा श्वास अडणार आहे. डॉक्टर येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. ती पिशवी लगेच फाडून शिंगराचं नाक मोकळं करायचं आणि घोडीच्या कळांबरोबर त्याला बाहेर ओढायचं.

गवताच्या कोणत्या भागात विष किती, याचंही गणित आहे. एर्गोव्हॅलिन सगळ्यात जास्त ओंबीत, त्यानंतर खोडाला वेढणाऱ्या भागात, पात्यात कमी. रायग्रासमधलं लोलिट्रेमही बुडाशी आणि ओंबीत साठतं. लॉनमधून येतं ते बहुतेक वरचं पातं, ओंबी यायच्या आत कापलेलं. म्हणून तुमच्या गाईंनी आजवर थोडंफार खाल्लं असेल तर झोप उडवून घेऊ नका. पण लॉनला नत्र भरपूर मारतात, आणि नत्राने ही रसायनं वाढतात. वाळवल्याने थोडी घटतात, जात नाहीत. मुरघास करूनही जात नाहीत.

खरं सांगायचं तर लॉनच्या कापलेल्या गवतात मला बुरशीपेक्षा दोन साध्या गोष्टींची जास्त धास्ती वाटते. एक, रिसॉर्टवाले त्यावर तणनाशक, कीटकनाशक, बुरशीनाशक काय आणि केव्हा मारतात हे तुम्हाला कुणी सांगत नाही. लॉनवर फवारताना जनावराच्या पोटात ते जाईल हा विचारच नसतो. दुसरं, मशीनने बारीक कातरलेलं ओलं गवत ढिगात पडलं की दोन-तीन तासांत आतून तापतं, आंबतं. घोडा रवंथ करत नाही आणि त्याला ओकताही येत नाही. असं गवत हावरटासारखं गिळलं की पोटशूळ ठरलेला. गाय निभावून नेईल, घोडा नाही. फुकटचं म्हणून रोज पोतंभर आणून टाकण्याइतकं ते स्वस्त पडत नाही.

रायग्रासची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यामुळे ‘बुरशी वाईट’ असा सरसकट निकाल देता येत नाही. न्यूझीलंडमध्ये रायग्रासवर चरणाऱ्या मेंढ्या उन्हाळ्याच्या अखेरीला थरथरत, धडपडत, पळवलं की कोसळत. १९८१ साली फ्लेचर आणि हार्वे यांनी त्याचा संबंध याच बुरशीशी जोडला; कारण लोलिट्रेम बी. मग बुरशी नसलेलं बियाणं पेरायची टूम निघाली. मेंढ्या सुधारल्या, पण कुरणं गेली, कारण अर्जेंटिनातून आलेल्या खोडभुंग्याने ते निराधार गवत फस्त केलं. शेवटी शास्त्रज्ञांनी जगभरच्या जंगली गवतांतून बुरशीचे असे वाण शोधले, ज्यांत पेरामिन आहे पण लोलिट्रेम नाही. एआर १ नावाचा असा वाण २००१ साली तिथल्या बाजारात आला. अमेरिकेतही त्याच सुमारास फेस्क्यूसाठी एर्गोव्हॅलिन न करणारा वाण आला. तेव्हा चाऱ्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि लॉनसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्यात मोठा फरक आहे. लॉनच्या बियाण्यात जनावराचा विचार केलेला नसतो. उद्या कुणी तुम्हाला ऑनलाइन मागवलेलं फेस्क्यू ‘विदेशी चारा’ म्हणून विकू लागला, तर आत कोणता वाण आहे हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर पुढे जा. हायब्रीड नेपियरच्या फुले जयवंतसारख्या जाती आणि मारवेल आपल्या हवेत जेवढा पाला देतात तेवढा फेस्क्यू इथे कधी देणारही नाही.

आणखी एक मेख. ही बुरशी बियाण्यापेक्षा अल्पायुषी असते. गरम, दमट जागी साठवलेल्या बियाण्यात वर्ष-दोन वर्षांत बुरशी मरते, बी मात्र उगवतं. पाचगणीच्या पावसाळ्यात गोदामात काढलेलं पाकीट असेल, तर छापील ‘एंडोफाइट’ला काही अर्थ उरला नसण्याची बरीच शक्यता आहे. म्हणजे माळी ज्याची फुशारकी मारतोय ते कदाचित तिथे नाहीच. पण ‘कदाचित’च्या भरवशावर गाभण घोडी ठेवू नये.

आता आपल्या गवतांकडे येतो, कारण यानंतर लोक हेच विचारतात: कासच्या पठारावरच्या, माणच्या माळावरच्या गवतात असं काही आहे का? कुसळी, पवना, मारवेल, शेडा, हरळी या सगळ्यांच्या आत बुरशा असतात. जगातल्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतीच्या आत असतात. पण त्या मिश्र वस्तीच्या, हवेतून-मातीतून आलेल्या, पानापुरत्या जगणाऱ्या. बियाण्यातून पिढ्यान्‌पिढ्या जाणारा एकच सोबती असा प्रकार तिथे नाही. म्हणून फेस्क्यूची भीती माळावर नेऊ नका. उलट असे मिश्र सोबतीही काय करू शकतात याचं एक अफलातून उदाहरण अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात आहे. तिथे गरम झऱ्यांकाठी ६५ अंशांपर्यंत तापणाऱ्या मातीत एक गवत उगवतं, आपल्या बाजरी-वरीच्या उपकुळातलं. त्याच्या आत कर्व्ह्युलेरिया ही बुरशी असते. दोघांना वेगळं केलं तर ३८-४० अंशांच्या पलीकडे दोघंही तग धरत नाहीत. २००७ साली कळलं की बुरशीच्या आत एक विषाणूही आहे, आणि तो काढून टाकला तर जोडीचा हा गुण जातो. तिघांचा संसार आहे तो.

एपिक्लोईची भावकी मात्र आपल्याकडे आहे, आणि ती तुम्ही पाहिलेली असणार. घाटाकडच्या भातात उदबत्ता रोग येतो. लोंबी नेहमीसारखी पसरत नाही. सगळ्या काड्या पांढऱ्या बुरशीने एकमेकींना चिकटून ताठ, करड्या कांडीसारखी बाहेर येते. तीही बुरशी रोपाच्या आत राहून येते, लोंबी निसवेपर्यंत रोप निरोगी दिसतं, आणि बियाण्यातून पुढे जाते. एपिक्लोईच्या काही जाती परदेशी गवतांचा फुलोरा अशाच आवळतात. सोबत आणि रोग यांच्यामध्ये या कुळात भिंत नाही, उंबरठा आहे.

दुसरी नातेवाईक म्हणजे बाजरीचा अरगट. माण, खटाव, जत, आटपाडी भागात फुलोऱ्याच्या वेळी पावसाची झड आणि ढगाळ हवा आली की कणसातून मधासारखा चिकट गुलाबी पाझर येतो आणि नंतर दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठी बनतात. ही बुरशी गवताची सोबतीण नाही. ती फक्त दाण्याची जागा बळकावते. पण तिच्या विषाचं घराणं एर्गोव्हॅलिनचंच. १९५६-५७च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन माणसांना उलट्या, चक्कर, गुंगी आल्याची साथ वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली आहे. आफ्रिकेत अरगट लागलेली बाजरी खाऊन विलेल्या डुकरिणींचं दूध आटल्याचंही नोंदलेलं आहे. तेव्हा गाभण घोडीला खुराकात बाजरी घालत असाल तर ती आधी निवडून घ्या. आपल्या भागात मला फेस्क्यूपेक्षा हा धोका कितीतरी जवळचा वाटतो. बियाण्यासाठीचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो: १० लिटर पाण्यात २ किलो मीठ, त्यात बी ओतून ढवळायचं, तरंगणारं काढून नष्ट करायचं, बुडालेलं चांगल्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं.

गुरांच्या दावणीतले बाकीचे अपघात, कोवळ्या ज्वारीची किरळ लागणं किंवा भिजून बुरसलेला भाताचा पेंढा, हे वेगळे विषय आहेत. त्यांचा आतल्या बुरशीशी संबंध नाही. पेंढ्यावर नंतर चढलेली बुरशी आणि जिवंत गवतात नांदणारी बुरशी यांची गल्लत करू नका. पहिलीला वास येतो, दुसरीला येत नाही.

आता भावाची बाटली. एपिक्लोई फवारून कुठल्याही गवतात घालता येत नाही. प्रयोगशाळेत नव्या रोपात ती बसवायची तर कोवळ्या अंकुराच्या वाढबिंदूपाशी बारीक पात्याने चीर देऊन बुरशीचा तुकडा आत ठेवावा लागतो. तेही तिच्या ओळखीच्या गवतातच जमतं. पोषक माध्यमावर तिची नजरेला दिसणारी वाढ व्हायलाच काही आठवडे जातात. अशा बुरशीची बाटली भरून उसावर फवारायला निघालेला माणूस एकतर स्वतः फसलाय किंवा तुम्हाला फसवतोय.

मात्र ‘एंडोफाइट’ म्हणजे नुसतं आत राहणारं. त्या नावाखाली दुसरे उपयोगी जीवही येतात. उसाचा जुना सोबती आहे ॲसिटोबॅक्टर. तो जिवाणू आहे, बुरशी नव्हे. १९८८ साली ब्राझीलमध्ये उसाच्या आत तो सापडला. तो हवेतलं नत्र उसाला मिळवून देतो. आपल्याकडची शिफारस हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारा जिवाणू १०० लिटर पाण्यात कालवून बेणं ३० मिनिटं बुडवण्याची आहे. त्याआधी कार्बेन्डाझिमची बेणेप्रक्रिया १० मिनिटं, वेगळ्या पाण्यात. हे केलं तर नत्राची मात्रा निम्म्यापर्यंत कमी करता येते असं शिफारस सांगते. माझं मत, एकदम निम्मी करू नका. आधी एका पट्ट्यात करून बघा, कारण जमीन खारवट-चोपण असेल तर हिशेब बदलतो. फलटण तालुक्यातलं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे जाऊन विचारायला लाजू नका.

दुसरा जीव भावाच्या ओळखीचा असेल: मेटारायझियम, हुमणीसाठी शेणखतात मिसळून टाकतात तो. मेलेल्या हुमणीवर हिरवी पावडर धरते, तो हाच. याचं आणि गवताच्या बुरशीचं कूळ एकच, आणि शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की गवतात नांदणाऱ्या या बुरशांचे पूर्वज किडे मारणारे होते. मेटारायझियमने किडे मारणं आणि रोपात राहणं ही दोन्ही कामं अजून सोडलेली नाहीत. २०१२ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की तो जमिनीत अळी मारतो, मुळांत शिरतो आणि अळीच्या शरीरातलं नत्र रोपाला पोचवतो. प्रयोगात त्यांनी घेवड्याबरोबर एक गवतही वापरलं होतं. यावरून उसातही तसंच होतं असं मी म्हणणार नाही. पण हुमणीसाठी टाकायचाच असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला, ओल असताना, चांगल्या कुजलेल्या खतातून टाका आणि त्याच आठवड्यात आळवणीतून बुरशीनाशक सोडू नका. ही चूक सर्रास होते. मित्रबुरशी आणि बुरशीनाशक एकाच ड्रममध्ये कालवलेलं मी पाहिलं आहे.

तिसरी, थरच्या वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांपाशी सापडलेली पिरिफॉर्मोस्पोरा ही बुरशी. दिल्लीत अजित वर्मा यांच्या गटाने १९९८ साली तिचं वर्णन केलं. ती जवाच्या मुळांत राहून क्षार आणि रोग सोसायला मदत करते, हे जर्मनीतल्या प्रयोगांत दिसलं. ती प्रयोगशाळेत वाढवता येते, अनेक पिकांत शिरते, म्हणून तिच्या नावाने उत्पादन निघणं शक्य आहे.

तेव्हा दुकानदाराला विचारा: जिवाचं पूर्ण नाव काय, दर मिलीला किती जिवंत पेशी, बॅच आणि मुदत कोणती, खत नियंत्रण आदेशाखाली किंवा कीटकनाशक मंडळाकडे नोंदणी आहे का. बाटलीवर नुसतं ‘एंडोफाइट’ असेल आणि नाव नसेल, तर पैसे बेण्यावर खर्च करा.

लॉन तपासून घ्यायचंच असेल तर पिशवीभर कातरण पाठवू नका. पात्यात धागे विरळ असतात, त्यातून काही सिद्ध होत नाही. लॉनच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून पंचवीस-तीस फुटवे जमिनीलगत, बुडासकट कापा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात पोचवा. उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नका. पाकिटात थोडं बी उरलं असेल तर तेही द्या. ते रात्रभर ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवून, धुऊन, रंगवून काचेखाली चिरडलं की धागे आहेत का ते लगेच कळतं. मात्र मेलेले धागेही तसेच रंग घेतात. म्हणून बियाण्यावरून आणि फुटव्यावरून वेगवेगळं उत्तर आलं तर फुटव्याचं खरं धरा.